उणे बारा

मी कल्याणच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा दादाने एकच अट घातलेली. "दोन वर्षांत पक्की झालीस तर कर खुशाल नोकरी. नाही झालीस तर पेणचं स्थळ थांबलेलं आहे, वैशाखात बार उडवून टाकू." दादा वाईट नव्हता हो. ठाण्याला दोन खोल्यांत आम्ही चौघं, कमावता तो एकटा, आणि पदवी घेऊन घरात बसलेली बहीण म्हणजे शेजारपाजारच्यांना आयतं खाद्य. पेणचे लोक नोकरी करणारी सून मुळीच चालणार नाही म्हणून सांगून गेलेले. वर त्यांनी आईला विचारलेलं, एवढं गणित शिकवलंत कशाला मुलीला? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी आतून ऐकत होते, बाहेर येऊन काहीतरी बोलणारच होते, पण आईने डोळे वटारले.

तर पक्कं होणं म्हणजे माझ्यासाठी नुसतं पगाराचं प्रकरण नव्हतं. अकरावीचा, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडे होता. बीजगणित आणि भूमिती. पहिलं वर्ष मी घाबरत घाबरत काढलं. दुसऱ्या वर्षी मला त्या वर्गाचं वेडच लागलं. सकाळी कल्याण स्टेशनवर उतरायचं, टांगेवाल्यांच्या हाका चुकवत पायी शाळेत जायचं, आणि फळ्यावर पहिली रेघ ओढली की मी कोण, कुठली, माझं लग्न कधी, सगळं विसरायला व्हायचं. शाळेत मी एकटीच बाई होते गणिताला. शिक्षकांच्या खोलीत "आमच्या गणितीणबाई" म्हणून माझी थट्टा चालायची. मला ती मनातून आवडायची, पण वरून मी फणकारायचे.

पक्कं करणं होतं शाळेच्या कमिटीच्या हातात, आणि कमिटी चालायची इन्स्पेक्टरच्या शब्दावर. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे. ते येणार म्हटलं की शाळेची पाचावर धारण बसायची. भिंतींना चुना लागायचा, नकाशे बाहेर निघायचे, घंटा घासून लख्ख व्हायची. आमचे हेडमास्तर तसे देवमाणूस, पण तपासणी जवळ आली की त्यांचं पित्त खवळायचं. दिवसभर आवळासुपारी चघळत वऱ्हांड्यातून फेऱ्या मारायचे.

त्या वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, साहेब यंदा अकरावीच्या गणिताला बसणार. आणि त्यांचं एक ठरलेलं गणित आहे. डोंबिवलीच्या शाळेत घातलं, बदलापूरला घातलं, आपल्याकडेही तेच घालणार. करून घ्या."

गणित असं होतं. एक काटकोन त्रिकोण आहे. कर्ण तेरा. काटकोनाजवळच्या दोन बाजूंपैकी थोरली धाकटीपेक्षा सातने मोठी. तर बाजू किती? पायथागोरसचा सिद्धांत लावायचा, त्यातून वर्गसमीकरण निघतं, ते सोडवायचं. धाकटी बाजू क्ष धरली की थोरली क्ष अधिक सात. दोघींच्या वर्गांची बेरीज एकशे एकोणसत्तर. आवराआवर केली की क्ष वर्ग अधिक सात क्ष उणे साठ बरोबर शून्य. त्याचे अवयव पाडले की क्षची दोन उत्तरं येतात. पाच किंवा उणे बारा. लांबी ऋण नसते, म्हणून उणे बारा त्याज्य. हा त्याज्य शब्द आम्ही फार दिमाखात लिहायचो. उत्तरावर आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, त्याज्य. मला तसं शिकवलेलं, मी मुलांना तसं शिकवलं. म्हणजे धाकटी बाजू पाच, थोरली बारा. संपलं गणित.

"आणि बाई, हातांचं लक्षात आहे ना?" हेडमास्तरांनी विचारलं.

हातांची ही युक्ती आमच्याकडे फार जुनी. साहेबाने प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाने हात वर करायचा. कुणी खाली ठेवायचा नाही. मात्र ज्याला येतंय त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. म्हणजे साहेबाला दिसतं, काय हुशार वर्ग आहे, आणि मास्तरला कळतं कुणाला उठवायचं. भूगोलाला, इतिहासाला, सगळ्या वर्गांत हेच. मला ही लबाडी मुळीच पसंत नव्हती. मी म्हटलंही, "सर, एकच गणित आहे, मी सगळ्यांना करून दाखवते. सगळ्यांचे उजवेच येतील. डाव्याची गरज काय?"

"असू द्या. रीत आहे," ते म्हणाले.

मग मी ते गणित वर्गात इतक्या वेळा घोटून घेतलं की मागच्या बाकावरचे मठ्ठ म्हणून नावाजलेले गडीही झोपेत म्हणाले असते, पाच, बारा, त्याज्य. आणि हातांचंही सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक झाला, मुलं खुसुखुसू हसली. वर्गात मुली मोजक्याच, एका बाकावर मावतील एवढ्या. त्यातली एक खाडीपलीकडच्या आगरी गावातली. घरची भातशेती, मिठागर. अंगाने थोराड, बोलायला गरीब. तिच्या गावातून इतकी शिकलेली ती पहिलीच मुलगी. तिचे वडील एकदा शाळेत आलेले, डोक्याला मुंडासं, हातात ताज्या वांग्यांची टोपली. मला म्हणाले, "बाय, पोरीला मारलात तरी चालंल, पन शिकवा." हातांचं ऐकून मुलं हसली तेव्हा ही हसत नव्हती. मान वाकडी करून फळ्याकडे बघत होती. मला वाटलं, वर्गात असून नसल्यासारखी आहे.

तपासणीचा दिवस उजाडला. घरी आईने देव पाण्यात घालायचं तेवढं बाकी ठेवलेलं. दादा निघताना म्हणाला, "तोंड सांभाळ. तुझ्या जिभेला हाड नाही." मी म्हटलं, "गणिताला जीभ लागत नाही, खडू लागतो." पण गाडीत तेच गणित मनात दहादा सोडवलं, खोटं कशाला सांगू.

साहेब आले. उंच, गोरे, कोट, हातात वेताची छडी. मारायची नव्हे, नुसती धरायची. ते मागे खुर्चीवर बसले, हेडमास्तर दाराशी उभे. साहेबांनी गणित घातलं. तेच! अगदी तेरा, सात, काही म्हणजे काही बदल नाही. मी मनात सुटकेचा श्वास सोडला. गणित मी फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, "कोण सांगेल?"

सगळे हात वर गेले. उजवे. मी डोळे भरून बघत होते, आणि बघता बघता माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुलींच्या बाकावर एक डावा हात. त्या आगरी मुलीचा. एवढ्या सगळ्या उजव्या हातांत तो एकटाच डावा, आणि सरळ, ताठ वर केलेला.

मी घाईने पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बोट केलं. पण साहेब म्हणाले, "थांबा, बाई." आणि छडीने तिच्याकडे दाखवलं. "ती मुलगी. तिचा हात वेगळा का?"

आता काय करायचं? ती डावखुरी आहे असं मी सांगणारच होते. खरंच सांगणार होते. पण ती उठलीच. घाबरलेली, गळ्याची शीर उडत होती. आणि म्हणाली, "ज्याला नाय कलत त्याने डावा करायचा साहेब."

दाराशी हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले, सुपारी गिळली की काय कोण जाणे. वर्षानुवर्षांची शाळेची युक्ती त्या पोरीने एका वाक्यात साहेबापुढे उघडी करून ठेवली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी मनात पेणच्या स्थळाला हार घातला.

साहेब मात्र चिडले नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात हसले. "असं होय? मग तुला काय कळलं नाही? गणित येत नाही?"

"गणित येतंय," ती म्हणाली.

"मग?"

ती माझ्याकडे बघायला लागली. आणि मग शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द जपून, बोलली. "बाई सांगतात उणे बारा खोडायचं. आम्ही खोडतो. मग पाच घेतो, त्यात सात मिळवतो, तर बाराच येतात. थोरली बाजू बारा. मग जे खोडलं त्यातच बारा होते ना? आपण क्ष धाकटीला म्हटलंय. थोरलीचं कोणी विचारलंच नाही. मग समीकरणाला बारा कुठून कळले? मना नाय कलत."

देवाशप्पथ सांगते, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी कॉलेजात गणित शिकले, शेकड्यांनी अशी उत्तरं खोडली, प्रत्येकापुढे सुंदर अक्षरात त्याज्य लिहिलं. एकदाही, एकदाही माझ्या डोळ्यांना दिसलं नाही की त्या खोडलेल्या आकड्यात दुसरी बाजू बसलेली आहे! आंधळी होते का मी? योगायोग असेल म्हणावं तर मनातल्या मनात दुसरा त्रिकोण घेऊन बघितला, तीन, चार, पाचचा. थोरली धाकटीपेक्षा एकने मोठी. उत्तरं येतात तीन आणि उणे चार. तिथेही चार! माझ्या हातातला खडू मोडला.

"बाई," साहेब म्हणाले, "सांगा तिला."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हेडमास्तर दाराशी मानेने काहीतरी खुणा करत होते, मला त्या चांगल्या कळत होत्या. आता अभ्यासक्रमात नाही म्हणा. नंतर सांगते म्हणा. बस खाली म्हणा. काहीही म्हणा. शिक्षकाला अडचणीतून सुटायला शंभर वाटा असतात, आणि मला त्या सगळ्या ठाऊक होत्या. पण तिचा प्रश्न इतका सुंदर होता की त्याच्यावर माती टाकायला माझा हात होईना.

मी म्हणाले, "मला माहीत नाही. आत्ता बघू या."

मागे कुणीतरी श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. मी वळले आणि फळ्याला तोंड दिलं. उणे बारा खोडायचे नाहीत. ठेवायचे. धाकटीच्या जागी उणे बारा. थोरली म्हणजे त्यात सात मिळवायचे. उणे बारात सात मिळवले की उणे पाच. एकीकडे उणे बारा, दुसरीकडे उणे पाच. वर्ग केले, एकशे चव्वेचाळीस आणि पंचवीस. बेरीज एकशे एकोणसत्तर. कर्ण तेरा. "अगं बाई!" मी मोठ्याने म्हणाले, वर्गात, साहेबापुढे.

मग मी फळ्याच्या मधोमध काटकोनाचा कोपरा काढला. तिथून उजवीकडे पाच, वर बारा. हा आपला नेहमीचा त्रिकोण. आता त्याच कोपऱ्यापासून ऋण म्हणजे उलट्या दिशेला. डावीकडे बारा, खाली पाच. दुसरा त्रिकोण उभा राहिला, आणि तो दुसरा नव्हताच. तोच त्रिकोण, कोपऱ्याच्या पलीकडे पालथा पडलेला.

मी वळून तिला सांगायला लागले, आणि मला वाटतं त्या दिवसाइतकं चांगलं मी पुढे कधी शिकवलं नाही. "हे बघ, आपण समीकरणाला धाकटी-थोरली असं सांगितलंच नाही. आपण एवढंच सांगितलं की दोन संख्या आहेत, एक दुसरीपेक्षा सातने जास्त, आणि वर्गांची बेरीज एवढी. पाच आणि बारा चालतात. पण उणे बारापेक्षा उणे पाचही सातनेच जास्त! ऋणात बारा खाली जातात, पाच वर येतात. आणि वर्ग केला की उणेपण पुसलं जातं. म्हणून समीकरणाने दोन्ही जोड्या दिल्या. लांबी विचारली तर पाचच सांगायचे, कारण लांबी ऋण नसते. पण उणे बारा म्हणजे केरात टाकायची वस्तू नव्हे. तो तुझाच त्रिकोण आहे."

ती हसली. तिचे सगळे दात दिसले. "कललं," म्हणाली आणि बसली.

आणि मग सगळ्यात अजब गोष्ट झाली. साहेब खुर्चीवरून उठले, पहिल्या बाकावरच्या पोराला "सरक" म्हणाले, त्याच्या शेजारी बसले आणि खिशातून पेन्सिल काढून फळ्यावरचे दोन्ही त्रिकोण उतरवून घ्यायला लागले. इन्स्पेक्टर! आमच्या बाकावर! उतरवून झाल्यावर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इतकी वर्षं हे गणित घालतोय मी. माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं." मुलांनी आ वासले. माझं तर भान हरपलं. साहेब जाताना मला नमस्कार करून गेले, हात जोडून, खरा नमस्कार.

त्या संध्याकाळी मी घरी गेले ती हवेतच. आईला सगळं सांगितलं, तिला उणे-अधिक काही कळलं नाही, पण साहेबाने हात जोडले हे कळलं. दादा म्हणाला, "म्हणजे झालीस की पक्की!" आणि त्याने स्वतः होऊन पेणला नकार कळवला. वाट बघू या म्हटलं तर म्हणाला, "वाट कसली बघायची? इन्स्पेक्टर तुझ्या वर्गात बाकावर बसला, आणखी काय हवं?" मला दादाचा इतका अभिमान वाटलेला, काय सांगू. शाळेत मात्र हेडमास्तर माझी नजर चुकवत होते. हातांची भानगड उघडी पडली म्हणून रागावले असतील, असं मी धरून चालले.

मुलं परीक्षेला बसली. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली तेव्हा एके दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा पुडा.

"बाई, अभिनंदन. कमिटीने तुम्हाला पक्कं केलं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी खाली वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "जूनपासून तुम्ही पाचवी घ्या. भूगोल आणि शिवण."

मला वाटलं, ते चुकून दुसऱ्या कुणाचं सांगताहेत. "सर, आणि अकरावीचं गणित?"

"त्याला पुण्याहून एक मास्तर येतायत."

"का?" माझा आवाज चढला. "माझं काय चुकलं? हातांमुळे का? ती रीत मी नाही काढलेली!"

"छे छे. हातांचं काही नाही. साहेबांना हात ठाऊक असतात, तेही कधीतरी मास्तर होते." त्यांनी पुडा माझ्याकडे सरकवला. "साहेबांनीच तशी सूचना केली."

"कुठल्या साहेबांनी?"

"आपल्याच. त्यांनी तुमची फार तारीफ केली हो. म्हणाले, बाई हुशार आहेत, प्रामाणिक आहेत, अशा बाईंना सोडू नका, आधी पक्क्या करा. पण मॅट्रिकच्या वर्गावर ठेवू नका. मॅट्रिकच्या मुलांपुढे मास्तर अडता कामा नये, मुलांचा विश्वास उडतो. लहान वर्गाला अशाच प्रामाणिक बाई हव्यात, असं म्हणाले."

"पण मी अडले नाही, सर! मी सोडवलं! त्यांनी उतरवून घेतलं!"

"सोडवलंत, खरं आहे. पण त्याच्या आधी तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणालात. मी दाराशी खुणा करत होतो ना बाई, तुम्ही बघितलं नाहीत." ते खरोखरीच हळहळत होते. त्यांना माझं भलं झालेलं दिसत होतं आणि माझा चेहरा का उतरला ते कळत नव्हतं. "पगार तोच आहे," ते समजूत घालत म्हणाले.

माझ्या कानांत नुसतं भणभणत होतं. बाकावर बसून उतरवून घेणारे साहेब. मला हात जोडणारे साहेब. तो माणूस माझ्या वर्गातून माझा त्रिकोण खिशात घालून बाहेर पडला, आणि चार पावलांवरच्या या खोलीत येऊन त्याने माझ्याकडून गणित काढून घेतलं. रागाने नाही, आकसाने नाही, माझं कौतुक करून! मला ओरडावंसं वाटत होतं. राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटावासा वाटत होता. पेणला नकार गेलेला होता, दादाने सगळ्या चाळीला सांगून ठेवलेलं होतं, आई साखर घेऊन दारात बसलेली असणार होती.

हेडमास्तर पेढा हातात धरून थांबले होते. मी तो घेतला. ज्या जिभेला हाड नाही म्हणून सगळं घर मला बोलायचं, ती माझीच जीभ, आणि तिच्यावरून निघालेले शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

"उपकार झाले, सर," मी म्हणाले.